न दिसणाऱ्या गुणाला भाव

दिवाळीच्या तोंडावर दादाचा मका विकायला मी त्याच्याबरोबर आडतीवर गेले होते. सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातलं आमचं माहेरचं शेत, थोडं कॅनॉलच्या पाण्यावरचं, थोडं कोरडवाहू. आडत्याने पोत्यात हात घालून मूठभर दाणे काढले, दोन दाताखाली फोडून बघितले, बाकीचे ओलावा मोजायच्या यंत्रात टाकले. आकडा सतरावर थांबला. "ओल हाय अजून," तो म्हणाला आणि त्या हिशेबाने भाव उतरला. दाण्याचा रंग, काडीकचरा, भुंग्याने पोखरलेले दाणे, बुरशीचे दाणे, एवढं बघून व्यवहार पाच मिनिटांत संपला.

मी तीस वर्षं हायस्कूलला विज्ञान शिकवलं. प्रथिनं आणि ती ज्यांची बनतात ती अमिनो आम्लं फळ्यावर किती वेळा लिहिली असतील त्याला गणती नाही. त्या दिवशी आडतीवर उभी असताना जाणवलं, की हा दाणा माणसाच्या पोटात गेल्यावर त्याचं काय होणार, हे सांगणारी एकही गोष्ट तिथे मोजली गेली नव्हती. बाजाराला तो प्रश्न पडतच नाही. तो सरकारने विचारला पाहिजे, कारण दुसऱ्या कुणाला तो विचारायची गरज नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. आणि विचारायचा तर परिसंवादात विचारून भागणार नाही, भावाच्या पाटीवर विचारावा लागेल.

दादाच्या बांधाला लागून अंड्यांच्या कोंबड्यांची शेड आहे. त्या खाद्यात सर्वांत मोठा वाटा मक्याचा, मग सोयापेंड, आणि वरून मोजून घातलेली लायसिन आणि मेथिओनिन या अमिनो आम्लांची पावडर. शेडचा मालक बारावी शिकलेला मुलगा. लायसिन कमी पडलं की अंडी घटतात, हे त्याला ग्रॅमच्या हिशेबात पाठ आहे. आमच्या वहिनी त्याच गावात अंगणवाडी सेविका आहेत. त्यांच्याकडे चाळीसेक मुलं येतात. वजनकाटा आहे, उंची मोजायची पट्टी आहे, तक्ते भरलेले आहेत. पण मुलाच्या ताटात लायसिन किती पडतं, हे वहिनींना आजवर कुणी सांगितलेलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के वजनाने कमी भरली. कोंबडीसाठी जो हिशेब रोज होतो तो लेकरासाठी का होत नाही, हा प्रश्न मला त्या दोन घरांच्या मधल्या बांधावर सुचला आणि तिथून तो डोक्यातून गेलेला नाही.

मक्याच्या दाण्यात साधारण नऊ-दहा टक्के प्रथिन असतं. कागदावर हे वाईट नाही. पण त्यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा झेईन नावाच्या प्रथिनाचा, आणि झेईनमध्ये लायसिन व ट्रिप्टोफॅन ही दोन अमिनो आम्लं जवळजवळ नसतात. ही दोन्ही शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत, अन्नातूनच यावी लागतात. परातीत पीठ कितीही असो, पाणी संपलं की भाकरी थापणं थांबतं. लायसिन संपलं की शरीर बाकीची अमिनो आम्लं बांधकामाला वापरू शकत नाही, ती नुसती जाळून टाकतं. पंधरा किलो वजनाच्या चार वर्षांच्या मुलाला दिवसाला किलोमागे ३५ मिलिग्रॅम, म्हणजे सव्वापाचशे मिलिग्रॅम लायसिन लागतं. दीडशे ग्रॅम साध्या मक्यातून साडेतीनशेच्या आत मिळतं. मक्याच्या प्रथिनात लायसिनचं प्रमाण अडीच टक्क्यांऐवजी चार टक्के असेल तर तेवढ्याच दाण्यातून गरज भागते. पचनातली घट धरली तर दोन्ही आकडे थोडे खाली येतील, पण त्यांच्यातलं अंतर राहील.

असा मका कल्पनेतला नाही. अमेरिकेतल्या परड्यू विद्यापीठात एडविन मर्ट्झ, लिन बेट्स आणि ऑलिव्हर नेल्सन यांनी १९६४ मध्ये दाखवलं, की ओपेक-२ नावाच्या एका जनुकातल्या बिघाडामुळे दाण्यातलं झेईन घटतं, इतर प्रथिनांचा वाटा वाढतो आणि लायसिन जवळपास दुप्पट होतं. एकूण प्रथिन वाढत नाही, त्याची प्रत सुधारते. हा फरक महत्त्वाचा आहे. नुसता प्रथिनाचा टक्का वाढवायचा प्रयोग इलिनॉय विद्यापीठात १८९६ पासून चालू आहे, आणि निवड करत करत त्यांनी तो टक्का दुपटीपलीकडे नेला. पण त्या वाढीतला मोठा भाग झेईनचाच होता. म्हणून 'प्रथिनसमृद्ध मका' हे नाव मला खटकतं. 'प्रथिनसरस' म्हणावं. शेतीखात्यात त्याला क्वालिटी प्रोटीन मका, थोडक्यात क्यूपीएम म्हणतात.

आपल्या देशात ही बातमी फार लवकर पोहोचली. १९७० च्या सुमाराला शक्ती, रतन आणि प्रोटिना हे तीन ओपेक-२ वाण भारतात प्रसारित झाले. शेतकऱ्याने ते नाकारले, आणि नाकारले ते योग्यच केलं. दाणा पिठूळ, खडूसारखा, वजनाला हलका. उतारा कमी. वाळायला वेळ लागायचा, कणीस कुजायचं, साठवलं की भुंगा आधी यालाच लागायचा. लायसिन दुप्पट आहे म्हणून कुणी एकरी दोन-तीन पोती सोडून देत नाही.

त्याच काळात दुसरी एक गोष्ट घडली, आणि तिचा केंद्रबिंदू आपल्याच मुलखातला माणूस होता. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे साताऱ्याच्या बुध गावचे, संख्याशास्त्रज्ञ, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे प्रमुख राहिलेले. १९६८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जगावर प्रथिनांचं संकट कोसळणार असल्याचा इशारा दिला होता. सुखात्म्यांनी भारतातल्या आहाराची आकडेवारी मांडून दाखवलं, की गरीब माणसाच्या ताटात प्रथिन कमी पडतं ते मुळात ताटच अपुरं असल्यामुळे. त्याला पोटभर धान्य-डाळ मिळाली तर प्रथिन आपोआप पुरेसं होतं. उपाशी माणसाला प्रथिन दिलं तर शरीर ते ऊर्जेसाठी जाळणार. १९७३ मध्ये प्रौढांच्या प्रथिनाच्या गरजेचे आंतरराष्ट्रीय आकडे खाली आणले गेले, १९७४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात डोनाल्ड मॅक्लारेन यांनी सगळ्या प्रथिन मोहिमेवर कठोर टीका केली, आणि प्रथिनसरस मक्याच्या संशोधनाचा पैसा हळूहळू आटत गेला.

सुखात्म्यांचा मुद्दा मी अजूनही बरोबर मानते. आपल्या सोलापूरच्या ताटाला तो लागू पडतो: भाकरी, पिठलं, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ. हरभऱ्यात आणि हुलग्यात लायसिन भरपूर, ते भाकरीची उणीव भरून काढतं. आपल्या आज्यांना अमिनो आम्लं माहीत नव्हती, तरी त्यांनी जोड्या अचूक लावल्या होत्या. (एक दुरुस्ती मात्र करावीशी वाटते. शेंगाचटणीत तेल आणि प्रथिन भरपूर आहे, ती मलाही जीव की प्राण आहे, पण शेंगदाण्याच्या प्रथिनातही लायसिन बेताचंच असतं. चटणी-भाकरी म्हणजे पिठलं-भाकरी नव्हे.) पण सुखात्म्यांचं म्हणणं ज्या ताटाला लागू पडतं त्यात डाळ असते. सात-आठ महिन्यांच्या लेकराचं पोट मुठीएवढं असतं, त्यात पातळ पेज चार-पाच चमचे मावते. ती पेज एकाच धान्याची असेल तर त्याला 'जास्त खा' म्हणून भागत नाही. आणि डाळ महागली की सर्वांत आधी ज्या घरातलं वरण पातळ होतं, त्या घरातलं मूल या हिशेबातून निसटतं. ऊस तोडायला गेलेल्या जोडप्याचं कोपीवरचं मूल डोळ्यांसमोर आणा, मग मी काय म्हणते ते कळेल.

मक्याच्या गोष्टीचा पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. पैसा आटला तरी मेक्सिकोतल्या आंतरराष्ट्रीय मका व गहू सुधार केंद्रात, म्हणजे सिमिटमध्ये, दोन माणसांनी काम सोडलं नाही. एक अमृतसरचे डॉ. सुरिंदर वसल, मका पैदासकार. दुसऱ्या मेक्सिकोच्या जीवरसायनतज्ज्ञ डॉ. इव्हांजेलिना वियेगास. ओपेक-२ च्या पिठूळ दाण्यांमध्ये मधूनच एखादा थोडा कडक दाणा दिसायचा. खालून उजेड सोडलेल्या काचेच्या टेबलावर दाणे पसरले की पिठूळ दाण्यातून उजेड आरपार जात नाही, कडक दाण्यातून जातो. वसल असे दाणे पिढ्यान्‌पिढ्या निवडत गेले, आणि वियेगास यांची प्रयोगशाळा दरवर्षी हजारो नमुने तपासून सांगत गेली, की कडकपणा आला पण लायसिन-ट्रिप्टोफॅन टिकलं की गेलं. शेवटी कणीस नेहमीसारखं, दाणा नेहमीसारखा आणि आतली प्रत मात्र वेगळी, असा मका तयार झाला. २००० साली दोघांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि तो मिळवणाऱ्या वियेगास या पहिल्या महिला. घानात १९९२ मध्ये याच कामातून आलेल्या वाणाचं नाव ओबातानपा, म्हणजे लेकराला पोसणारी चांगली आई.

इथे एक अडचण होती, आणि सोलापूरला शिकण्यासारखं तिच्यातच आहे. उष्ण कटिबंधातल्या उंच प्रदेशांत, मेक्सिकोचं पठार, इथिओपियाचे डोंगर, केनियाचा उंचवटा, अँडीजच्या रांगा, मका दोन हजार मीटरच्या आसपास आणि त्याहून वर पिकतो. तिथे सपाट उष्ण भागातलं बियाणं नेलं तर थंडीने पीक लांबतं, करपा आणि तांबेरा पानं खाऊन टाकतो, कणीस कुजतं. युरोप-अमेरिकेच्या थंड भागातलं बियाणं नेलं तर तिथला दिवस त्याला आखूड पडतो आणि रोग सोसत नाहीत. उंच प्रदेशाचा मका हा वेगळाच वंश आहे. मेक्सिकोच्या पठारावरचे कोनिको आणि चाल्केन्यो हे स्थानिक मके शतकानुशतकं त्या थंड हवेत घडले. अशा ठिकाणी मऊ दाण्याचा मका म्हणजे दुप्पट संकट, कारण धुक्यात दाणा वाळतच नाही आणि बुरशी धरते. म्हणून प्रथिनसरस वाण उंच प्रदेशांत फार उशिरा पोहोचले. इथिओपियातल्या आंबो संशोधन केंद्राने सिमिटबरोबर हे काम तिथेच, त्याच थंडीत आणि त्याच करप्यात केलं. एएमएच-७६० क्यू हा संकरित वाण त्या केंद्राचा. ज्या मातीत पेरायचं त्याच मातीत निवड झाली तेव्हाच तो गुण टिकला.

आपलं सोलापूर काही त्या अर्थाने उंच प्रदेश नाही. समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरवरचं तापलेलं पठार आहे. थंडी-धुक्याचं दुखणं आपलं नाही. आपलं दुखणं वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरचा पाऊस आणि तोही लहरी. जूनमध्ये पेर होते, ऑगस्टमध्ये ऐन तुऱ्याच्या वेळी पाऊस दडी मारतो, सप्टेंबरात धो धो येतो. ताण पडला की मक्याचा तुरा वेळेवर बाहेर येतो, पण कणसाचं केसर मागे राहतं. केसर येईपर्यंत पराग उडून गेलेला असतो, आणि कणीस अर्धं रिकामं भरतं. दादाच्या कोरडवाहू तुकड्यात मी अशी कणसं हाताने सोलली आहेत. वरचा शेंडा दातपडक्या म्हातारीसारखा. त्यात २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आली. कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातही. या सगळ्यातून तगेल असा मका कुठल्याही दुसऱ्या हवेत तयार होणार नाही. तो इथेच निवडावा लागेल.

आणि एक गंमतशीर योगायोग आहे. अल्मोड्याच्या विवेकानंद पर्वतीय कृषी संशोधन संस्थेने हिमालयातल्या आखूड हंगामासाठी विवेक संकरित ९ हा लवकर येणारा मका काढला होता. त्याच्याच दोन्ही पालकांमध्ये जनुकखुणांच्या मदतीने ओपेक-२ घालून २००८ मध्ये विवेक क्यूपीएम ९ आला. ओपेक-२ जनुक सुप्त, म्हणजे दोन्ही पालकांकडून आला तरच गुण दाखवणारा, असल्याने जुन्या पद्धतीत दर संकरानंतर एक पिढी स्वपरागीकरणात घालवावी लागते. जनुकखुणेमुळे रोपटं कोवळं असतानाच कळतं की त्यात तो आहे की नाही, आणि वर्षं वाचतात. तर हा डोंगरातला वाण हिमालयाबरोबरच दख्खनच्या राज्यांसाठीही शिफारस झाला, कारण लवकर येणारं पीक थंडीतून निसटतं तसंच दुष्काळातूनही निसटतं. उंच प्रदेशातली पैदास आणि सोलापूरचं कोरडवाहू रान यांच्यात हा एक खरा धागा आहे. त्याआधी २००५ मध्ये हरियाणातून एचक्यूपीएम-१ आला होता, २०१७ मध्ये दिल्लीच्या पुसा संस्थेने एचएम-८ या संकरित वाणाची सुधारित प्रथिनसरस आवृत्ती दक्षिणेकडच्या राज्यांसाठी दिली. म्हणजे बियाणं नाही असं नाही. मी गावच्या बी-बियाण्याच्या दुकानात ही नावं विचारली. दुकानदाराने ऐकलेली नव्हती. दोष त्याचा नाही, जे कुणी मागत नाही ते तो का ठेवील?

मागत का नाही, याचं उत्तर आडतीवर मिळालं होतं. प्रथिनसरस मका डोळ्यांना, दातांना, ओलाव्याच्या यंत्राला साध्या मक्यासारखाच. वसल-वियेगास यांचं यश हेच, की दोन्हींत फरक दिसत नाही. आणि फरक दिसत नाही म्हणून त्याला भाव नाही. पूर्वी शेतकरी तो नाकारायचा कारण तो वाईट दिसायचा. आता तो चांगला दिसतो, पण वेगळा दिसत नाही.

काही जण म्हणतात, बाजार आपोआप वळेल, कोंबडीखाद्यवाले जादा भाव देतील. मी हिशेब करून पाहिला. क्विंटलमागे साध्या आणि प्रथिनसरस मक्यातला लायसिनचा फरक सव्वाशे-दीडशे ग्रॅमचा. कारखान्यात तयार होणारी लायसिनची पावडर आज इतकी स्वस्त आहे, की शेडवाला पोतं वेगळं ठेवायचा त्रास घेण्यापेक्षा पावडरच घालणार. त्याच्या जागी मीही तेच करीन. गाई-म्हशींना तर या गुणाचा जवळजवळ उपयोगच नाही, कारण त्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव स्वतःच अमिनो आम्लं बनवतात. मुरघासाला, म्हणजे मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याला, कुठलाही मका चालतो. इथेनॉलला स्टार्च हवा असतो, प्रथिन मागे चोथ्यात उरतं. जिल्हा साखर कारखान्यांचा आहे, मक्यापासून इथेनॉल हा आता सगळीकडे बोलण्याचा विषय आहे. हा ग्राहक जितका मोठा होईल तितका बाजार दाण्याच्या प्रतीबाबत आणखी आंधळा होईल. या गुणाची खरी गरज फक्त माणसाला आहे, त्यातही लहान मुलाला. आणि लहान मूल बाजारात येत नाही.

म्हणून खरेदीदार सरकार हवं. हे काही नवं मागणं नाही, आपल्याच जिल्ह्यात याचा दाखला आहे. मालदांडी ३५-१ ही ज्वारी मोहोळच्या केंद्रावर १९३० च्या दशकात स्थानिक मालदांडीतून निवडली गेली. आज केंद्र सरकार हमीभाव जाहीर करतं तेव्हा ज्वारीच्या दोन ओळी असतात. २०२५-२६ साठी संकरित ज्वारी ३६९९ रुपये आणि मालदांडी ३७४९ रुपये. एका धान्याच्या एका वाणाला, खाणाऱ्याच्या पसंतीसाठी, पन्नास रुपये जादा. मक्याची ओळ एकच, २४०० रुपये. ज्वारीला जे तत्त्व लावलं ते मक्याला लावायला काय हरकत आहे?

रक्कम किती लागेल, तेही मोजू. वहिनींच्या अंगणवाडीत चाळीस मुलं. प्रत्येकाला दिवसाला पन्नास ग्रॅम मका, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे सहाशे किलो, सहा क्विंटल. शंभर अंगणवाड्यांना सहाशे क्विंटल. हमीभावावर क्विंटलला शंभर रुपये जादा दिले तर साठ हजार रुपये, चार हजार मुलांमागे वर्षाला पंधरा-पंधरा रुपये. पाण्याखालचा मका एकरी वीस क्विंटल धरला तरी तीस एकरांत हे भागतं. एका गावाचं काम आहे.

गाव हा शब्द मी मुद्दाम वापरते. ओपेक-२ सुप्त असल्याने शेजारच्या साध्या मक्याचा पराग ज्या दाण्यावर पडला तो दाणा साधाच होतो. बांधाकडच्या ओळींचं नुकसान सर्वांत जास्त, आतल्या रानाचं कमी. एकट्या शेतकऱ्याने चार एकरांच्या मध्ये एक एकर प्रथिनसरस लावला तर काही मेहनत वाऱ्यावर जाईल. पण सलग शिवारात एकच वाण असेल, किंवा पेरणीत तीन-चार आठवड्यांचं अंतर असेल, तर अडचण उरत नाही. पाणीवाटपासाठी, दूध संस्थेसाठी एकत्र येणाऱ्या गावांना हे अवघड नाही. आणि माल घेताना तपासणी हवी, नाहीतर जादा भावासाठी कुणीही कुठलाही मका आणून घालील. ट्रिप्टोफॅनची रंगावरून होणारी चाचणी साधी आहे. लायसिन आणि ट्रिप्टोफॅन बरोबरीने वाढतात, त्यामुळे एकाच चाचणीवर भागतं. कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ती सहज होईल.

कोल्हापूरला मका संशोधनाचं केंद्र आहे, सोलापूरला १९३३ पासून कोरडवाहू शेतीचं संशोधन चालतं. माझी मागणी अशी, की या दोघांनी मिळून आपल्या शेतकऱ्याला आधीच पसंत असलेल्या लवकर येणाऱ्या वाणांच्या पालकांत हा गुण उतरवावा, आणि निवड सोलापूरच्या ऑगस्टमधल्या ताणात करावी. नवं नाव, नवं रंगीत पाकीट नको. विवेक ९ चं जे झालं तेच. शेतकऱ्याला त्याचाच मका परत मिळावा, आतून सुधारलेला.

याला विरोधही ऐकला आहे, आणि त्यातला एक मला मनापासून पटतो. माझी आई १९७२ च्या दुष्काळाची आठवण सांगायची. रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, भाकरी थापली की तुटायची, पोरं तोंड फिरवायची. दुष्काळी कामावर सुकडी हा तयार खाऊ मिळायचा, तो मात्र आई घरी बांधून आणायची. आई म्हणायची, "पोट भरतं गं, पण ते आपलं धान्य नव्हतं." सोलापूरचा माणूस ज्वारी खातो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. त्याच्या ताटात पिवळा मका ढकलण्याच्या मी विरोधात आहे, आणि ज्वारीचं रान मक्याखाली जाऊ नये असंच मला वाटतं. मी बोलते आहे ते आधीच पिकणाऱ्या मक्याबद्दल, आणि त्यातल्या थोड्या वाट्याबद्दल, जो अंगणवाडीच्या खिरीत, लाडवात, सातूच्या पिठासारख्या मिश्रणात जाऊ शकतो. ज्वारीचंही लायसिन कमीच आहे, मक्याहूनही कमी. १९७३ मध्ये रामेश्वर सिंग आणि जॉन अॅक्सटेल यांना इथिओपियाच्या ज्वारीत जादा लायसिनचे दोन नमुने सापडले होते, पण दाणा सुरकुतलेला होता. त्या दाण्याला वसल-वियेगास भेटले नाहीत. रब्बी ज्वारीचं केंद्र सोलापुरातच आहे, आणि मक्यात जे तीस वर्षांत जमलं ते ज्वारीत करून दाखवायचा पहिला हक्क आपला आहे असं मला वाटतं.

दुसरा विरोध अंड्याचा. एका अंड्यात साडेचारशे मिलिग्रॅमच्या आसपास लायसिन असतं. पन्नास ग्रॅम प्रथिनसरस मका साध्याच्या तुलनेत जेमतेम सत्तर मिलिग्रॅम जादा देतो. मग सरळ अंडं का देऊ नये? द्यावं, जरूर द्यावं, रोज द्यावं. पण अंडं रोज मिळत नाही, सगळ्या घरांत चालत नाही. अंड्याच्या आणि डाळीच्या वाट्याचा एक रुपयाही मक्याकडे वळवायला माझा विरोधच राहील. वेगवेगळ्या देशांतल्या चाचण्या एकत्र करून २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्रथिनसरस मका खाणाऱ्या कुपोषित मुलांच्या वजनवाढीचा वेग १२ टक्के आणि उंचीवाढीचा ९ टक्के जास्त आढळला. चाचण्या मोजक्या होत्या, आणि आहारात मक्याचा मोठा वाटा असलेल्या मुलखातल्या. सोलापूरच्या मुलांत तेवढा फरक पडेल असं मी म्हणणार नाही. पंधरा रुपयांत जेवढा पडेल तेवढा पडू द्यावा.

परवा फोनवर दादाशी हेच बोलत होते. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वाण आला, ठीक. पर सरकार घेणार असं लिहून कोण देणार? पेरून बसलो आणि आडतीवरच न्यावा लागला तर?" मला उत्तर देता आलं नाही. मग तोच म्हणाला, की बांधापलीकडच्या दोघांशी तो बोलून ठेवील. तिघांचं मिळून सलग सात एकर होतं. वहिनींनी मागून विचारलं, पहिलं दळण त्यांच्या अंगणवाडीत आणाल का.